सापकांद्याचा पत्ता

तुमच्याकडे अशी एखादी जागा आहे का, जी तुम्हाला कुणीतरी हात धरून दाखवली आणि जिचा पत्ता तुम्ही अजून कुणालाही सांगितलेला नाही? नीट आठवून उत्तर द्या. माझ्याकडे होती. सोळाव्या वर्षी मी तिच्या पाचशे प्रती काढल्या आणि बाजारात वाटून टाकल्या.

आत्मकथन साठी उलटल्यावर लिहायचं असतं, असं आईचं मत आहे. "आत्ताशी तिशी गाठलीस नि आठवनी कसल्या लिवतेस गो?" असं ती परवाच म्हणाली. पण त्या जागेची हकीकत माझ्या गळ्यात चौदा वर्षं खवखवते आहे, आणि खवखव साठीपर्यंत थांबत नाही.

आम्ही बोईसरला राहायचो, बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या चाळीत, दोन खोल्यांत. बाबा तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर होते आणि पाळी संपली की पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी होती, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी. फडताळात कागद अंथरायचा तर पत्रक, माझ्या वह्यांना कव्हर घालायचं तर पत्रक, आई सुकट बांधून द्यायची ती पत्रकातच. मी वाचलेला पहिला शब्द 'आई' किंवा 'कमळ' नव्हता, 'जाहीर' होता. कोपऱ्यात एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. त्याचा दांडा फिरवला की खटाक, सर्र, खटाक, सर्र असा आवाज यायचा, शाईचा वास आईच्या फोडणीत मिसळायचा आणि भिंतीपलीकडचे गोरखपूरचे चाचा ओरडायचे, "फिर छाप रहे हो क्या, भैया? इस बार किसकी खैर नहीं?" बाबा इकडून ओरडायचे, "आपकी! दो गठ्ठे बाँटने हैं, आ जाओ!" आणि चाचा खरंच यायचे.

पत्रक कसं लिहायचं याची बाबांची शिकवण पक्की होती. कोण, कुठे, कधी. मोठमोठे शब्द कुणीही लिहील. ज्याच्याकडे ठिकाण आहे त्याच्याकडे सत्य आहे. "पत्ता नसलेलं पत्रक म्हणजे अफवा," हे वाक्य ते मला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. मी ते मानलं. आजही बहुतेक बाबतींत मानते. ज्या कारखान्याचं पाणी नाल्यात जातं त्याचा पत्ता लिहिलाच पाहिजे. पण जगात दोन प्रकारचे पत्ते असतात, हे बाबांना माहीत नव्हतं. ते लखमीमावशीला माहीत होतं, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

लखमीमावशी डोंगरातली. डोंगराच्या पायथ्याशी तिचं पावसावरचं भाताचं लहानसं खाचर, दोन मुलगे, दोघेही भात कापून झालं की कामाला बाहेर जाणारे. मृगाच्या आसपास ती बाजाराच्या दिवशी आमच्या दारात टोपली उतरवायची. टोपलीत शेवळं. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते: शेवळ म्हणजे रानातल्या सुरणाच्या जातीचा कोंब, जमिनीतून भाल्यासारखा वर येणारा, तपकिरी-जांभळ्या आवरणात घट्ट गुंडाळलेला. आधी फूल येतं, पान मागाहून. सोबत ती काकडं आणायची, आवळ्यासारखी दिसणारी हिरवी आंबट रानफळं. काकडांशिवाय शेवळ शिजवलं तर घसा असा खाजतो की माणूस दोन दिवस बोलत नाही. आई समुद्रकाठच्या दांडी गावची, कोळ्यांची. मामाकडून आलेली सुकी कोळंबी, म्हणजे सोडे, आणि जवळा तिच्या डब्यांत भरलेला असायचा. शेवळाच्या बदल्यात लखमीमावशी सोडे न्यायची. हा व्यवहार त्या दोघींनी कधी ठरवला नव्हता, तो आपोआप चालायचा, भांडणासकट.

"यंदा लय बारीक हायेत गो, लखमी."

"बारीक नाय, बाय. तुजे डोले मोठे झालेत."

"आनि ही काकडा? चार दिली नि वर हसतेस?"

"जास्त घालशील तर मास्तरांचा तोंड आंबेल. मग भाषन कोन करील?"

बाबा मास्तर नव्हते, पण हातात सतत कागद म्हणून मावशीच्या लेखी मास्तर. आई शेवळं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायची, बारीक चिरायची, ठेचलेल्या काकडांच्या पाण्यात शिजवायची आणि मग सोडे घालून कांद्यावर परतायची. समुद्राचा आणि डोंगराचा वास एका कढईत. पहिला घास बाबांना. "आदी पुढाऱ्याला देऊ. घसा धरला तर पत्रका तरी वाटेल मुकाट्याने." बाबा डोळे मिटून चघळायचे, आम्ही श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते खाकरले नाहीत की जेवण सुरू.

मी पंधरा वर्षांची असताना एकदा टोपली उतरवता उतरवता मावशी आईला म्हणाली, "पुढच्या बाजाराला हिला माज्यासंगती धाड. पाय हायेत का नुसती जीबच हाय, बगते." आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. तेव्हा मला कळलं नाही. शेवळाची जागा आई लेकीला दाखवते, लेक तिच्या लेकीला; सुनेलाही सहसा दाखवत नाहीत, हे मला नंतर कळलं. लखमीमावशीला लेक नव्हती.

आम्ही एसटीने गेलो, मग चाललो. खूप चाललो. पायथ्याची शेतं संपली, सागाचं रान संपलं, मग नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. मावशी अनवाणी पुढे, मी चपला हातात घेऊन मागे. वाटेत कुणी भेटलं की ती थांबून लाकडं शोधतेय असं दाखवायची. अगदी शेवटी तिने माझं मनगट धरलं आणि एका कपारीतून मला वर ओढून घेतलं. वर कातळाच्या आडोशाला एक सपाटी होती, झाडांच्या सावलीतली, काळ्या भुसभुशीत मातीची. आणि तिथे शेवळं उभी होती, माणसं सभेला बसावीत तशी. एक उमललेलं होतं. त्याला सडक्या मासळीसारखा वास येत होता आणि माशा घोंगावत होत्या. मी नाक दाबलं. मावशी हसली. "दांडीच्या पोरीला मासलीचा वास येतो? फुललेल्याला हात नाय लावायचा. त्याचा लगीन लागलाय, माशा वऱ्हाडी हायेत." जमीन उकरायची नाही, कोंब हाताने मोडायचा, कांदा मातीत राहू द्यायचा, मोडल्या जागी पाला टाकायचा आणि तीन दिसले तर दोनच घ्यायचे. हे सगळं तिने सांगितलं नाही. ती करत गेली, मी बघत गेले.

श्रावणात ती मला पुन्हा घेऊन गेली, आणि या वेळी काही आणण्यासाठी नाही. "आता शेवळाचे भाऊबंद आले असतील, बगायला चल." धुकं इतकं की पुढे चाललेली मावशी दिसत नव्हती, फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. सपाटीच्या वरच्या उतारावर, शेवाळलेल्या दगडांमध्ये, सापकांदे फुलले होते. मी आजवर अनेक सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, पण त्या सकाळच्या तोडीची एकही नाही. एक सरळ दांडा, सापाच्या अंगासारखा ठिपक्याठिपक्यांचा. त्यावर छत्रीसारखं एकच पान. आणि पानाखाली पांढरा फणा, पुढे झुकलेला, आत जांभळट होत गेलेला. शेकडो फणे. वारा आला की सगळे एकदम डोलायचे, आणि आवाज मात्र नाही. मी, जिला गप्प बसता येत नाही अशी शाळेची तक्रार होती, तिथे किती वेळ गप्प होते कोण जाणे.

मावशीने एका फण्याची कड बोटाने अलगद बाजूला केली आणि मला आत बघायला लावलं. तळाशी बारीक पिवळट दाणे. "ह्यो बाप्या." दुसऱ्यात हिरवे, मक्याच्या कोवळ्या कणसासारखे मण्याला लागून मणी. "ही बाई. हिला लाल कनीस लागेल." मग पहिल्याकडे परत वळून म्हणाली, "ह्यो गेल्या साली बाई होता."

"असं कसं होईल, मावशी?"

"का नाय? पोर वाडवायला अंगात ताकद नको? गेल्या साली हिने मूठभर दाने दिले, दमली. यंदा बाप्या झाली."

"आणि बाप्या होऊन काय करते?"

"बाप्ये काय करतात? आराम!"

आमच्या हसण्याने धुक्यातून कुठलासा पक्षी उडाला. मला ती थट्टा वाटली होती. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी तंतोतंत तेच सांगितलं: कांद्यात साठा भरपूर असेल तर हे झाड मादी होतं, साठा संपला की नर, आणि बळ आलं की पुन्हा मादी. मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, हे मला माहीत आहे. कुठे वाचलंस, असं बाईंनी विचारलं. मी म्हणाले, वाचलं नाही. नंतर एका कामासाठी हिमालयात गेले, तेव्हा बर्फ नुकतं वितळलेल्या उतारावर याच कुळातला एक फणा दिसला, हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत, तीच मान झुकवण्याची तऱ्हा. आपल्या गल्लीतलं माणूस परमुलखात भेटावं तसं मला झालं. मी त्याच्यासमोर बसून दांडीच्या बोलीत त्याची विचारपूस केली.

परतताना मावशी कपारीपाशी थांबली. "ही जागा मला माज्या आयेने दावली. तोंडाने नाय सांगायची. हात दरून न्यायचा." मी मान डोलावली. त्या वयात मी कशालाही मान डोलवायचे.

पुढच्या वर्षी आषाढात बातमी आली की डोंगराची एक सोंड मुरमासाठी फोडणार. मी पेटले. बाबांनी लिहायच्या आत मीच कागद ओढला. माझं पहिलं पत्रक, सोळाव्या वर्षी, एका बैठकीत लिहिलेलं. 'हा डोंगर ओसाड आहे असं कोण म्हणतं?' अशी सुरुवात. मग पुरावा दिला. पायवाट कुठून, कपार कुठली, कातळाच्या आडोशाची सपाटी, शेवळं इतकी, सापकांदे तितके, आणि हा कांदा औषधी असून लोक शोधत फिरतात, इतका अमोल ठेवा इथे आहे. कोण, कुठे, कधी. बाबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यात एक शब्द बदलायचा नाही." खटाक, सर्र. चाचा आले. बोईसर स्टेशनबाहेर वाटलं, तारापूरला वाटलं, चिंचणीच्या बाजारात वाटलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून फोनवरून पुढे पाठवला. मी आठवडाभर जमिनीवर पाय टेकवत नव्हते.

श्रावणात एका दुपारी लखमीमावशी आली. बाजाराचा दिवस नव्हता. डोक्यावर टोपली नव्हती. ती उंबऱ्यावर बसली, आईने पाणी दिलं ते प्यायली नाही, आणि ओच्यातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. चिखलाने माखलेला, तेलाचे डाग पडलेला. कुणीतरी त्यात वडापाव बांधून नेला होता.

"वाच गो बाय. माज्या जागेवर, खड्ड्यात गावला. कोन काय लिवून गेलाय, कलू दे."

कागदाची पहिली ओळ मला पाठ होती. बाबा पाळीवरून आलेले, आतल्या खोलीत होते. ते दारात येऊन उभे राहिले. मी वाचायला सुरुवात केली. वाचलं नसतं तरी चाललं असतं, खोटं काही रचता आलं असतं. ती कुठे पडताळणार होती? पण खोटं वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सगळं वाचलं. पायवाट वाचली, कपार वाचली, सपाटी वाचली. मावशी डोळे मिटून ऐकत होती. 'धुक्यात शेकडो फणे डोलतात' हे वाक्य आलं तेव्हा तिचे ओठ हलले.

"ब्येस लिवलाय," ती शेवटी म्हणाली. "अगदी तसाच हाय तो. तसाच होता." मग डोळे उघडले. "पन जागा कोनी सांगितली त्यांना?"

"मी," मी म्हणाले. "मीच लिहिलंय, मावशी."

कारखान्याचा भोंगा झाला. आईने पदर तोंडाला लावला. मावशी माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या नजरेत राग असता तर मी आज ही हकीकत इतक्या त्रासाने लिहीत नसते. तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, परत ओच्यात ठेवला.

"चूक माझी आहे, लखमीबाई," बाबा दारातून म्हणाले. "पत्ता घालायला मी शिकवलं. आता पत्रक मागे घेता येत नाही."

"पत्रक ऱ्हाव दे, मास्तर. माती मागे घालता येते. उद्या या. खुरपी आना."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चढलो. बाबांनी डोंगराच्या बाजूने किती तरी पत्रकं लिहिली होती, पण डोंगर चढायची त्यांची ती पहिली वेळ. वर जे दिसलं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्याचं वर्णन मला करवत नाही. खड्डे होते. कुदळीने, टिकावाने, जसं जमेल तसं उकरलेलं. छत्रीसारखी पानं उपटून बाजूला फेकलेली, सुकून काळी पडलेली. मोठे कांदे एकूण एक गेले होते. मी खड्डे मोजायला लागले, कारण पुढच्या पत्रकात आकडा लागेल असं माझ्या मनात आलं. हो, तेव्हाही माझ्या मनात तेच आलं. मावशीने माझा हात धरून खाली बसवलं. "मोजू नको. पिल्ला शोद."

मोठ्या कांद्याच्या अंगाला बारकी पिल्लं चिकटलेली असतात, कुठे सुपारीएवढी, कुठे हरभऱ्याएवढी. खणणाऱ्यांच्या घाईत ती गळून मातीत पडली होती. आम्ही दिवसभर चिखल चाळला. बाबांनी सदऱ्याची ओटी करून त्यात पिल्लं गोळा केली. मावशी एकेक पिल्लू कोंब वर धरून बोटभर खोल पुरत होती, वर पाला टाकत होती. माझ्या हातांना ओल्या कांद्याचा रस लागून कोपरापर्यंत खाज सुटली. मावशीने पाहिलं, आणि खाज मारणाऱ्या चिंचेचं नाव काढलं नाही, काकडाचं काढलं नाही. "खाजू दे," एवढंच म्हणाली. मी खाजू दिलं.

मुरमाची खाण पुढे तिथे झालीच नाही. गाड्या चढवायला रस्ता जमला नाही म्हणून. माझ्या पत्रकाचा त्यात काही हात नव्हता.

त्यानंतर दर श्रावणात मी वर गेले. मावशीने मला पुन्हा जागा दाखवली नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. ती पुढे चालायची, मी मागे. पहिली काही वर्षं नुसती पानं, तळहाताएवढ्या छत्र्या, फणा एकही नाही. मग एका वर्षी दोनतीन फणे दिसले आणि मी मातीत गुडघे टेकून कड बाजूला केली. बाप्या. पुढच्या वर्षी दहाबारा. सगळे बाप्ये. लाल कणीस लागण्याइतकं बळ त्या पोरक्या कांद्यांत आलंच नव्हतं. किती चिवट असावं एखाद्या जिवाने! आठ महिने मातीत नाहीसं व्हायचं, चार महिने वर यायचं, जे साठेल ते पुन्हा खाली न्यायचं, आणि ताकद नसताना आईपणाचा आव आणायचा नाही. मी या झाडाकडून जितका धीर शिकले तितका कुठल्याही सभेत शिकले नाही.

मागच्या वर्षी मावशीचे गुडघे अगदीच थकले. तिने आपल्या नऊ वर्षांच्या नातीला, चिमीला, माझ्याबरोबर पाठवलं. कपारीपाशी मी चिमीचं मनगट धरून तिला वर घेतलं. ती पोर माझ्या आधी उतारावर पळाली आणि ओरडली, "आत्या, ह्यात मक्याचा कनीस हाय!"

एकच होती. शेवाळलेल्या दगडाला टेकून, इतरांपेक्षा वीतभर उंच. आत हिरवे मणी. भाद्रपदात आम्ही परत गेलो तेव्हा ते पिकून लालबुंद झाले होते, सगळ्या हिरव्या डोंगरात तेवढंच लाल. आम्ही हात लावला नाही.

त्या पहिल्या दिवशी, श्रावणात, खाली आले तेव्हा मावशी ओसरीवर काकडं निवडत होती तशीच, मान वर न करता, म्हणाली, "बाई झाली?"

"झाली."

"किती?"

"एक."

"एक बस." मग काकडं बाजूला सारून, "आता लिव. एवडी वर्सा माज्यासमोर तोंड दाबून बसलीस. पन डोंगराचा नाव नको."

मी लिहिलं आहे, आणि नाव लिहिलेलं नाही. बाबांनी हे प्रकरण वाचलं, आणि पत्ता कुठे आहे असं विचारलं नाही.

आता तुमच्याकडे मागणं. हे वाचून झाल्यावर तुमचा फोन उघडा. एखाद्या डोंगरावर, माळावर, कातळावर काढलेला फुलाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे टाकलेला असेल, आणि खाली जागेचं नाव असेल. फोटो राहू द्या. नाव पुसा. आत्ता पुसा, उद्या नको. आणि ती जागा कुणाला द्यावीच असं वाटत असेल, तर एकच माणूस निवडा, त्याचा हात धरा आणि चालत घेऊन जा.